थंड संच पेटवून ग्रीडला जोडण्याची कृती

कोळसा पेटवणे हे औष्णिक वीजकेंद्रातले सर्वांत सोपे काम. कठीण आहे ते त्या उष्णतेला शेकडो टन पोलादातून, पोलादाला इजा न करता, वाट करून देणे. दुरुस्तीसाठी आठवडाभर बंद राहून पुरता निवलेला संच पुन्हा चालू करायचा तर पहिल्या ज्योतीपासून पूर्ण भारापर्यंत दहा-बारा तास सहज जातात, आणि त्यातला बराच वेळ काहीही न करता थांबण्यात जातो. हे थांबणेही कृतीचाच भाग आहे, म्हणून ते खाली जागोजागी सांगितले आहे.

कृती २१० मेगावॅटच्या संचाची आहे. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, भुसावळ, परळी, नाशिकजवळचे एकलहरे, या सगळ्या ठिकाणी एके काळी याच आकाराचे संच बसले. चंद्रपूरचा पहिला संच १९८३ साली चालू झाला. पुढे ५०० आणि ६६० मेगावॅटचे संच आले, तरी काम शिकायला २१० मेगावॅटचा संच अजूनही उत्तम, कारण त्यात प्रत्येक गोष्ट स्वतंत्रपणे दिसते. आकडे बनावटीनुसार बदलतात, त्यामुळे कंट्रोल रूमच्या डेस्कवर बसणाऱ्याने आपल्या केंद्राची पुस्तिकाच प्रमाण मानावी. इथे भर आहे तो क्रमावर, आणि प्रत्येक पायरी नेमकी तिथेच का येते यावर.

हाताशी काय हवे

बंकर भरलेले हवेत. २१० मेगावॅटचा संच दिवसभर पूर्ण भाराने चालला तर ५० लाख ४० हजार युनिट वीज होते. किलोमागे साधारण ३,५०० किलोकॅलरी उष्णता देणारा आपल्याकडचा कोळसा युनिटला सुमारे ७०० ग्रॅम लागतो. म्हणजे दिवसाला साडेतीन हजार टन, जवळपास एक अख्खी मालगाडी. चंद्रपूरला खाणी उशाशी आहेत. परळीला किंवा एकलहऱ्याला हीच गाडी शेकडो किलोमीटरवरून यावी लागते. कोळसा क्रशरमध्ये २० मिलिमीटरपर्यंत फोडलेला असावा. पावसाळ्यात ओला चुरा बंकरच्या तोंडाशी चिकटून बसतो आणि खाली फीडर रिकामाच फिरत राहतो. जुलै-ऑगस्टमध्ये संच उठवायचा असेल तर सळईने कोळसा मोकळा करणारी माणसे आधीच नेमून ठेवा. ऐन वेळी ती सापडत नाहीत.

तेल दोन प्रकारचे: पेटवण्यासाठी हलके डिझेल, म्हणजे एलडीओ, आणि भट्टी तापवण्यासाठी जड फर्नेस ऑइल. जड तेल गार असताना काकवीसारखे घट्ट असते, म्हणून ते वाफेने १२० अंशांच्या आसपास तापवून, फिरते ठेवून, तयार असावे. पाणीही दोन प्रकारचे. बॉयलरमध्ये जाणारे डीएम पाणी, ज्यातले क्षार पूर्ण काढलेले असतात, कारण उरलेला क्षार नळ्यांच्या आत आणि टर्बाइनच्या पात्यांवर थर धरतो. दुसरे थंड करण्याचे पाणी, जे चंद्रपूरला इरई धरणातून येते. हे दुसरे पाणी किती मोलाचे आहे ते परळीने २०१५ च्या दुष्काळात पाहिले. कोळसा होता, माणसे होती, संच धडधाकट होते. पाणी नव्हते म्हणून केंद्र बंद ठेवावे लागले.

आणि वीज हवी. पंखे, पंप, कोळसा दळणाऱ्या मिल हे सगळे मोटारींवर चालते. चालू संच आपल्या विजेपैकी आठ-नऊ टक्के स्वतःसाठीच खर्च करतो. थंड संचाकडे तेवढीही नसते, म्हणून ती स्टेशन ट्रान्सफॉर्मरमधून ग्रीडकडून घ्यावी लागते. ग्रीडच कोसळले तर औष्णिक केंद्र आपल्या बळावर उठू शकत नाही. आधी एखादे जलविद्युत केंद्र उठते, ते वीज पाठवते, मग इथला पहिला पंखा फिरतो.

हे सगळे जमले तरी लाईट-अपला, म्हणजे भट्टी पेटवायला, परवानगी देऊ नका, जोपर्यंत दुरुस्तीचे प्रत्येक परमिट परत आलेले नाही. भट्टीत उतरलेल्या माणसांची संख्या आणि बाहेर आलेल्यांची संख्या कागदावर जुळली पाहिजे. त्यानंतर स्वतः जाऊन, बॅटरीचा उजेड पाडून, हाक मारून पाहा आणि मगच मॅनहोलची दारे लावा. कागद जुळतो म्हणून हाक टाळणारा माणूस या कामावर नको.

टर्बाइन आधी फिरते ठेवा

बॉयलर पेटायच्या कितीतरी आधी टर्बाइनकडे लक्ष द्यायचे असते. वंगण तेलाचा पंप चालू करा, बेअरिंगांवर तेलाचा दाब बसू द्या, जॅकिंग ऑइलने रोटर किंचित उचला आणि बारिंग गिअर लावा. रोटर मिनिटाला तीन-चार फेरे या गतीने निवांत फिरू लागेल. हे फिरणे विजेसाठी नाही. दोन टोकांवर टेकलेला टनावारी वजनाचा रोटर एका जागी उभा ठेवून गरम केला, तर वरची बाजू जास्त तापते, खालची कमी, आणि दांडा धनुष्यासारखा वाकतो. तो वाकलेला दांडा मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी फिरवला तर काय होईल हे सांगायला नको. एक्सेंट्रिसिटी मीटरवरचा काटा स्थिर होईपर्यंत बारिंगवर ठेवा. काही तास लागले तरी चालतील.

याच वेळात जनरेटरमध्ये हायड्रोजन भरून घ्या. हायड्रोजन हवेपेक्षा हलका, त्यामुळे रोटरला घर्षण कमी, आणि उष्णता वाहून नेण्यात हवेपेक्षा फार सरस. पण हवेत ४ ते ७५ टक्क्यांपर्यंत मिसळला की तो स्फोटक असतो. म्हणून हवा आणि हायड्रोजन यांची गाठ पडूच द्यायची नाही: आधी सील ऑइल, मग कार्बन डायऑक्साइडने हवा हुसकावायची, मग हायड्रोजनने कार्बन डायऑक्साइड. शुद्धता ९८ टक्क्यांच्या खाली राहू नये.

बॉयलर भरा, वारा वाहू द्या

ड्रममध्ये डीएम पाणी हळूहळू भरा. पाणी आणि ड्रमचा जाड पत्रा यांच्या तापमानात ५० अंशांहून अधिक फरक पडू देऊ नका. पातळी नेहमीपेक्षा थोडी खाली ठेवा, कारण तापल्यावर पाणी फुगते. ड्रमवरचे आणि सुपरहीटरचे व्हेंट व ड्रेन उघडे ठेवा.

आता हवा. आधी एअर प्रीहीटर फिरता करा, मग धूर ओढून घेणारा आयडी फॅन, मग हवा ढकलणारा एफडी फॅन. ओढणारा आधी, ढकलणारा नंतर. हा क्रम उलटला तर भट्टीत दाब साचून गरम वायू फटीफटीतून माणसांच्या अंगावर येतो. भट्टीत बाहेरच्या हवेपेक्षा पाण्याच्या पाच-दहा मिलिमीटर इतका किंचित कमी दाब कायम राखायचा, म्हणजे गळती झालीच तर हवा आत जाईल, ज्वाला बाहेर येणार नाही.

यानंतरची पायरी पर्ज, आणि माझ्या मते संपूर्ण कृतीत एवढी महत्त्वाची दुसरी पायरी नाही. इंधनाचे सगळे व्हॉल्व्ह बंद आहेत याची खात्री करून, पूर्ण क्षमतेच्या किमान ३० टक्के हवा सलग पाच मिनिटे भट्टीतून वाहू द्या. गेल्या वेळी संच ट्रिप झाला तेव्हा न जळलेले तेल, कोळशाची भुकटी, तिच्यातून निघालेला वायू कोपऱ्यांत, नळ्यांच्या मागे, हॉपरवर साचलेला असू शकतो. तो दिसत नाही आणि त्याला वासही नसू शकतो. तशा भट्टीत ठिणगी टाकणे म्हणजे सात-आठ मजली बंद खोलीत स्फोट घडवणे. आजच्या संचांत एफएसएसएस नावाची संरक्षण यंत्रणा पाच मिनिटे पूर्ण झाल्याशिवाय तेलाचा व्हॉल्व्ह उघडूच देत नाही. तरीही घाईच्या रात्री, वरून फोन येत असताना, एखादा सिग्नल बायपास करण्याचा मोह होतो. तो करू नका. पाच मिनिटांनी ग्रीडचे काहीही बिघडत नाही.

लाईट-अप

पर्ज पूर्ण झाल्याचा दिवा लागला की खालच्या मजल्यावरच्या तेलाच्या गन घ्या. या बॉयलरची भट्टी चौकोनी असते आणि इंधन चारही कोपऱ्यांतून येते; झोत मध्यभागी न रोखता एका काल्पनिक वर्तुळाला स्पर्श करतील असे तिरपे सोडलेले असतात, त्यामुळे भट्टीत आगीचा गोल फिरू लागतो. पहिली जोडी समोरासमोरच्या कोपऱ्यांची घ्या, १ आणि ३, म्हणजे तापणे एका बाजूला झुकणार नाही. इग्नायटर, मग एलडीओ, मग फ्लेम स्कॅनरवर ज्योत आल्याची खूण.

स्कॅनर पाहून समाधान मानू नका. पीप होलजवळ जाऊन निळ्या काचेतून ज्योत डोळ्यांनी पाहा. ज्योत पिवळीधमक आणि टोकाला स्वच्छ असेल तर तेल नीट फवारले जात आहे. टोके काळपट असतील तर हवा कमी पडते आहे. ठिणग्या उडत असतील तर तेलाचे थेंब मोठे राहत आहेत, गन बाहेर काढून टोक साफ करायला सांगा. न जळलेले तेल धुराबरोबर जाऊन एअर प्रीहीटरच्या पत्र्यांवर बसते आणि काही तासांनी तिथेच पेट घेते. प्रीहीटरची आग विझवणे हे भट्टी पेटवण्याच्या कितीतरी पट कठीण. बाहेर येऊन धुराड्याकडेही एकदा पाहा. काळा धूर दिसला तर कंट्रोल रूममधला कुठलाही आकडा काहीही म्हणो, ज्वलन बिघडलेले आहे.

दाब चढवताना

आता थांबायचे. नळ्यांतले पाणी तापून हलके होते, वर ड्रमकडे चढते. ड्रममधले त्यामानाने गार, जड पाणी बाहेरच्या नळांतून खाली येते. पंपाशिवाय हे चक्र सुरू होते आणि बॉयलर जिवंत झाल्याची ही पहिली खूण. दाब चौरस सेंटिमीटरला दोन किलोच्या आसपास आला, व्हेंटमधून हवा संपून शुद्ध वाफ येऊ लागली, की ड्रमचे व्हेंट बंद करा.

तापमान तासाला ५०-५५ अंशांपेक्षा जास्त वेगाने चढू देऊ नका. ड्रमचा पत्रा बोटे लांबवून मोजावा इतका जाड असतो. आतली बाजू तापते तेव्हा बाहेरची मागे राहते, आणि दोघींच्या ओढाताणीत धातूला ताण बसतो. तो ताण आज तडा देणार नाही. तो साठत जातो, आणि पाच-दहा वर्षांनी एखाद्या जोडाशी चीर म्हणून वर येतो. त्या दिवशी घाई कोणी केली होती हे कोणालाच आठवत नसते.

याच वेळात मजल्यामजल्यावर फिरून एक्स्पान्शनचे दर्शक वाचायला माणूस पाठवा. पन्नासेक मीटर उंचीचा हा बॉयलर जमिनीवर उभा नसतो, वरच्या तुळयांना टांगलेला असतो, कारण तापल्यावर तो खालच्या बाजूला वाढतो, पूर्ण तापमानाला जवळजवळ वीतभर. एखाद्या कोपऱ्याचा दर्शक हलला नसेल तर तिथे काहीतरी अडकले आहे: विसरलेली परांची, वेल्डिंगचा तुकडा, राखेचा दगड. दाब चढवणे तिथेच थांबवा आणि आधी अडथळा काढा.

वाफ आणखी तापवणारे सुपरहीटर आणि रिहीटर यांची काळजी वेगळी. त्यांच्यात अजून वाफेचा पुरेसा प्रवाह नाही, म्हणजे बाहेरून वायू तापवतो आहे आणि आतून थंड करणारे कोणी नाही. प्रवाह सुरू होईपर्यंत भट्टीतून बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान ५४० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. ड्रेन आणि बायपास उघडे ठेवून वाफ वाहती ठेवा; त्याच वाफेने टर्बाइनपर्यंतचा मुख्य नळही तापून निघतो. नळात साचलेले पाणी ड्रेनमधून पूर्ण गेल्याशिवाय पुढे जाऊ नका. वेगवान वाफेबरोबर आलेला पाण्याचा लोंढा पाती तोडतो.

टर्बाइनवर वाफ

कंडेन्सरमधून थंड पाणी फिरू लागू द्या. रोटर बारिंगवर फिरत असतानाच ग्लँडांना सीलची वाफ द्या आणि इजेक्टरने निर्वात निर्माण करा. निर्वात कशासाठी? हवेच्या दाबाच्या दहाव्या हिश्श्यावर वाफ ४५ अंशांच्या आसपास पाणी होते. टर्बाइनच्या शेवटी जितका कमी दाब, तितकी वाफ जास्त फैलावते आणि तितके जास्त काम तिच्याकडून निघते.

वाफेचा दाब ३० ते ४० किलो आणि तापमान ३००-३५० अंश झाले, म्हणजे त्या दाबाच्या उत्कलनबिंदूपेक्षा किमान ५० अंश वर, की रोलिंगला सुरुवात करा. रोटर साधारण ५०० फेऱ्यांवर आणा आणि तिथेच धरा. याला सोकिंग म्हणतात: रोटर आणि त्याचे कवच दोन्ही बरोबरीने तापू देणे. रोटर हलका, लवकर तापतो, लवकर लांब होतो. कवच जड, मागे राहते. दोघांतले अंतर मिलिमीटरांत मोजावे एवढेच, म्हणून डिफरन्शियल एक्स्पान्शनचा काटा सतत डोळ्यांसमोर हवा. कंट्रोल रूममध्ये बसलेल्याने कंपनांचे आकडे पाहावेत, आणि टर्बाइन फ्लोअरवर उभ्या असलेल्याने ऐकावे. घासण्याचा आवाज कानाला मीटरच्या आधी कळतो.

सगळे शांत असेल तर १,२०० फेऱ्यांवर पुन्हा थांबा आणि मग ३,००० कडे चला. मधल्या क्रिटिकल वेगांवर रोटर आपोआप थरथरतो. तो पट्टा न थांबता ओलांडायचा. थांबायचे तिथे थांबणे आणि न थांबायचे तिथे न थांबणे, दोन्ही तितकेच कडक नियम आहेत.

ग्रीडला जोडणे

३,००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला ५०. जनरेटरच्या रोटरला उत्तर-दक्षिण अशी ध्रुवांची एकच जोडी असते, म्हणून स्टेटरमधला प्रवाह सेकंदाला ५० वेळा दिशेचे पूर्ण चक्र करतो. घरातल्या पंख्यामागच्या पट्टीवर लिहिलेले ५० हर्ट्झ ते हेच.

एक्साइटेशन द्या, म्हणजे रोटरच्या गुंडाळ्यांत एकदिश प्रवाह सोडून त्याचा चुंबक करा. व्होल्टेज हळूहळू १५.७५ किलोव्होल्टपर्यंत चढेल. आता जनरेटर आणि ग्रीड यांच्यात फक्त एक ब्रेकर उरला आहे. व्होल्टेज जुळवा, वारंवारता जुळवा, फेजचा क्रम दुरुस्तीनंतर पुन्हा तपासलेला आहे याची खात्री करा. सिंक्रोस्कोपचा काटा घड्याळाच्या दिशेने, अगदी सावकाश फिरू द्या, आणि तो बाराच्या जागी पोचण्याच्या किंचित आधी ब्रेकर बंद करा, कारण ब्रेकरलाही मिटायला क्षणभर लागतो. चुकीच्या कोनात जोडला गेलेला जनरेटर ग्रीड एका झटक्यात आपल्या जागी ओढते, आणि तो झटका कपलिंगच्या बोल्टांना सोसावा लागतो.

जोडल्याबरोबर दहा-वीस मेगावॅट भार घ्या. रिकामा ठेवला तर ग्रीडच त्याला मोटारीसारखा फिरवू लागेल.

इथे क्षणभर समजून घेण्यासारखी गोष्ट आहे. ग्रीडवरचा भार टर्बाइनला ब्रेकसारखा जाणवतो. नाशिकच्या एखाद्या कारखान्यात मोटार चालू झाली की स्टेटरमधला प्रवाह वाढतो, त्याचे चुंबकीय क्षेत्र रोटरला मागे ओढते, रोटर केसभर मंदावतो, गव्हर्नर वाफेचा व्हॉल्व्ह थोडा उघडतो, आणि थोड्याच वेळात भट्टीत कोळसा वाढवावा लागतो. हा निरोप तारेतून फार लांबून येतो. चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची, अधिक-उणे ५०० किलोव्होल्टची एकदिश प्रवाहाची वाहिनी १९९९ पासून आहे, आणि तिची क्षमता १,५०० मेगावॅट आहे. विदर्भातला कोळसा मुंबईकडे असा तारेतून जातो. राख मात्र विदर्भातच राहते.

कोळसा घ्या

इतका वेळ तेलच जळत होते. तेल महाग आहे, आणि ते जितका वेळ जळेल तितका वेळ एका गोष्टीवर पाणी सोडावे लागते, ती पुढे सांगतो. म्हणून भार घेतल्यावर पहिली मिल लवकर आणा, पण अटी पाळून: त्या मिलच्या शेजारच्या मजल्यावर चारपैकी किमान तीन गन स्थिर जळत असल्या पाहिजेत. गार भट्टीत सोडलेली भुकटी पेटली नाही तर ती साचते, आणि मग पर्जविषयी जे वर सांगितले ते सगळे पुन्हा लागू होते.

प्रायमरी एअरचा पंखा चालू करा, गरम हवेने मिल तापवा, मिलमधून बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान ६५-७० अंशांवर आले की फीडर सोडा. बोल मिलमध्ये रोलरखाली कोळसा इतका बारीक दळला गेला पाहिजे की सत्तर टक्के भुकटी ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून जावी. तोंडाला लावायच्या पावडरीइतकी मऊ. ही भुकटी गरम हवेच्या झोताबरोबर चार नळांतून चार कोपऱ्यांकडे जाते. मिलचे तापमान नव्वदीकडे सरकू लागले तर गार हवेचा डँपर उघडा. कोळसा भट्टीत जळायचा आहे, मिलमध्ये नाही.

भट्टीत शिरलेल्या कणाला जळायला दोन सेकंदांच्या आसपास वेळ मिळतो. आधी त्यातला ओलावा उडतो. मग बाष्पनशील वायू बाहेर पडून भपकन पेटतात, आणि डोळ्यांना दिसणारी पहिली ज्वाला त्यांचीच. उरतो तो कार्बनचा निखारा, जो सर्वांत सावकाश जळतो, कारण ऑक्सिजनला त्याच्या पृष्ठभागापर्यंत पोचावे लागते. दळण बारीक हवे ते याच कारणाने: तुकडा जितका लहान, तितका त्याच्या वजनाच्या मानाने पृष्ठभाग मोठा. एक किलो कार्बन पुरता जळून कार्बन डायऑक्साइड झाला तर सुमारे ८,००० किलोकॅलरी देतो. हवा अपुरी पडून कार्बन मोनॉक्साइडवरच अडला तर जेमतेम २,४०० देतो, आणि बाकीची उष्णता धुराड्यातून निघून जाते. उलट हवा फार दिली तर ती फुकटची हवा तापवून बाहेर सोडण्यात उष्णता जाते. मधला मार्ग म्हणजे इकॉनॉमायझरनंतरच्या वायूत तीन-चार टक्के ऑक्सिजन उरेल एवढी हवा. बॉयलर चालवणाऱ्याचे दिवसभराचे कसब या एका आकड्याभोवती फिरते.

दुसरी मिल, तिसरी मिल अशी घेत भार चढवत न्या. वाफ १३० ते १५० किलो दाब आणि ५४० अंशांच्या आसपास पोचेल. अंधारात लालसर दिसू लागेल इतक्या तापमानाचा तो नळ. म्हणून वाफेच्या तापमानावर पाच-दहा अंशांचीही सूट घेऊ नका. ही वाफ टर्बाइनच्या उच्चदाब भागातून जाऊन ३४० अंशांच्या आसपास गार होते, परत बॉयलरमध्ये येऊन रिहीटरमधून पुन्हा ५४० होते, आणि मग मध्यम व कमी दाबाच्या भागांतून कंडेन्सरकडे जाते. भार निम्म्याच्या वर स्थिर झाला, भट्टीतला गोल भरीव आणि न फडफडता जळताना दिसला, की तेलाच्या गन एकेक करून काढा. एक काढली की काही मिनिटे थांबा, भट्टीचा दाब पाहा, मग दुसरी.

आणि आता राहिलेली गोष्ट. तेल जळत असताना राख पकडणारे ईएसपी सहसा बंद ठेवतात, कारण न जळलेले तेल त्याच्या पत्र्यांवर बसले तर आगीचा धोका. म्हणजे तोवर भुकटीची जी काही राख उडते ती थेट धुराड्यातून गावावर जाते. गन काढल्याबरोबर ईएसपीची सगळी फील्ड चालू झाली का, हे डेस्कवरच्या माणसाने स्वतः विचारले पाहिजे. आपल्या कोळशात ३५ ते ४५ टक्के राख असते. पूर्ण भाराला दिवसाकाठी चौदाशे टनांच्या घरात, आणि त्यातला ऐंशी टक्के भाग वायूबरोबर उडणारा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ सालच्या मोजणीत चंद्रपूर अतिप्रदूषित ठरले होते. तिथल्या अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर काय बसते याची जबाबदारी मंत्रालयाइतकीच त्या रात्रपाळीच्या डेस्कवरही आहे. तळाची राख आणि क्लिंकर पाण्याने भरलेल्या हॉपरमध्ये पडतात. ते दर पाळीला काढा, साठू देऊ नका.

हिशेब आणि पाळी सोपवणे

पूर्ण भार तासभर स्थिर राहिल्यावर उष्णतेचा हिशेब मांडा. कोळशातल्या उष्णतेचे शंभर भाग धरले तर सुमारे १४ बॉयलरमध्येच जातात: धुराड्याचा गरम वायू, कोळशातला ओलावा, न जळलेला कार्बन. सुमारे ५० कंडेन्सरमधून थंड करणाऱ्या पाण्यात जातात. उरलेल्या ३६ भागांची वीज होते, आणि त्यातले तीन केंद्राच्याच पंखे-पंपांना लागतात. कंडेन्सरचे पन्नास पाहून नव्या माणसाला वाईट वाटते, पण वाफ पुन्हा पाणी झाल्याशिवाय चक्र पुरे होत नाही. ती उष्णता सोडावीच लागते. कूलिंग टॉवरमधून तिच्याबरोबर पाणी उडते. डिसेंबर २०१५ च्या केंद्रीय अधिसूचनेने जुन्या केंद्रांना युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा घालून दिली. कोराडीला नागपूरचे शुद्ध केलेले सांडपाणी वापरतात. धरणापासून दूर असलेल्या प्रत्येक केंद्राने हे करावे असे मला ठामपणे वाटते.

आपल्या हातात असलेले भाग बॉयलरच्या चौदात आहेत. धुराड्याकडे जाणाऱ्या वायूचे तापमान १४० अंशांच्या खूप वर असेल तर नळ्यांवर काजळी बसली आहे, सूट ब्लोअर चालवा. राखेत न जळलेला कार्बन वाढला असेल तर मिलचे दळण तपासा.

दिवसा सौरऊर्जा ग्रीडवर भरपूर येते आणि भार उतरवण्याचा निरोप येतो, संध्याकाळी तो पुन्हा चढवायचा असतो. असे चढउतार आता रोजचे झाले आहेत, आणि वर सांगितलेले तापमानाचे सगळे नियम त्या वेळीही तसेच लागू होतात.

पाळी सोपवताना लॉगबुकात एवढे न चुकता लिहा: लाईट-अपची, रोलिंगची आणि ग्रीडला जोडल्याची वेळ; किती किलोलिटर तेल लागले; सोकिंगच्या वेळी सर्वांत जास्त कंपन कोणत्या बेअरिंगवर आणि किती आले; कुठला एक्स्पान्शन दर्शक उशिरा हलला; ईएसपीची कोणती फील्ड बंद आहेत आणि का; बायपास केलेला एखादा सिग्नल असेल तर त्याचे नाव, कारण आणि परवानगी देणाऱ्याची सही.